निळं पाणी आणि नितळ पाणी

मंगळावरच्या वस्तीतली पाण्याची मोठी टाकी निळी झाली होती. शाई ओतल्यासारखी निळी. सगळे जण राखीव साठ्यातल्या घोटभर पाण्यावर भागवत होते. माणसं इतकी थकली होती, की आता कोणी कोणावर चिडतसुद्धा नव्हतं.

मंजिरी तांडेलचेही पाय भरून आले होते. तिचे आजोबा, हरेश्वर तांडेल, वस्तीचे रसायनशास्त्रज्ञ. टाकीशेजारी बसून ते धातूच्या दोन पट्ट्यांना तारा जोडत होते आणि ती त्यांच्यासमोर विजेरी धरून उभी होती.

“आजोबा, हे निळं आलं कुठून?”

“पाइपातून. सफाईचं आम्ल चुकून पितळी पाइपात शिरलं. त्यानं पाइप कुरतडला आणि तांब्याचे आयन (विद्युतभार असलेले अणू) पाण्यात उतरले.”

“पण तांबं तर तांबूस असतं!”

आजोबांनी डोळे चोळले. बोलणंही त्यांच्या जिवावर आलं होतं. पण नातीचा प्रश्न टाळणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

“आपल्या खोलीत एकावर एक बिछाने आहेत ना? तांब्याच्या आयनातल्या काही इलेक्ट्रॉनांचंही तसंच. पाण्याचे रेणू भोवती गोळा झाले, की या इलेक्ट्रॉनांच्या जागांचे दोन मजले पडतात. वर एकच बिछाना रिकामा असतो. खालच्या इलेक्ट्रॉनाला तिथे उडी मारायला ऊर्जा लागते. ती तो प्रकाशातून घेतो, तीही नेमकी तांबड्या-नारिंगी प्रकाशातली. मग आपल्या डोळ्यांपर्यंत काय पोचणार?”

“उरलेला निळा!”

“शाब्बास.” त्यांनी पट्ट्या पाण्यात सोडून कळ दाबली. “आता हे धन आयन ऋणाग्राकडे (विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीकडे) निघतील. तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतील आणि त्यांचं पुन्हा तांबं होईल. आम्लातले ऋण आयन उलट्या दिशेला जातील, धनाग्राकडे.”

“पळत पळत?”

“छे गं. गर्दीतून घरी निघालेल्या दमल्या माणसासारखे, धक्के खात, हळूहळू. म्हणून तर पंप लावून पाणी ढवळतोय.”

दिवसांमागून दिवस गेले. पट्टीवर तांबूस थर चढत गेला, पाणी फिकट होत गेलं आणि एका दुपारी ते अगदी नितळ दिसू लागलं. वस्तीची व्यवस्था पाहणाऱ्या नसीमाताई आल्या आणि टाकीकडे बघून मटकन खालीच बसल्या.

“झालं एकदाचं! मी मासळीच्या हौदात पाणी सोडते. तो आटत आलाय, मासे तडफडताहेत. ते गेले तर आपण खायचं काय?”

आजोबांनी मान डोलावली. झोपेनं त्यांच्या पापण्या जड झाल्या होत्या. नसीमाताईंनी नळाच्या चावीला हात घातला.

“थांबा!” मंजिरी ओरडली. “आजोबा, पाइप पितळी होता ना? पितळेत तांब्याबरोबर जस्तही असतं. जस्ताच्या आयनात वरचा बिछाना रिकामा असतो का?”

आजोबा खाडकन जागे झाले. “नाही. सगळे बिछाने भरलेले. उडी मारायला जागाच नाही.”

“मग त्याला रंगही नसणार!”

त्यांनी जस्त ओळखणारी कागदी चाचणीपट्टी पाण्यात बुडवली. तिचा रंग बदलला. जस्त होतं. माशांना मारायला पुरेसं.

नसीमाताईंनी कपाळ चावीला टेकवलं. “म्हणजे अजून...”

“अजून थोडं,” आजोबा म्हणाले. “जस्त हट्टी असतं. तांब्यासारखं सहज पट्टीवर बसत नाही.”

सगळे पुन्हा कामाला लागले. आजोबांनी चुना टाकून आम्ल कमी केलं, विजेचा दाब वाढवला. नव्या पट्टीवर करडा थर चढू लागला. चाचणीपट्टी कोरी राहिली, तेव्हाच मंजिरीनं स्वतः चावी फिरवली. हौदात पाणी पडलं. तळाशी निपचित पडलेला एक मासा शेपटी हलवत वर आला.

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. मंजिरी त्यांच्या खांद्याला टेकली.

“आजोबा, मंगळाच्या मातीत लोखंड आहे ना? तेही असंच विजेनं बाहेर काढता येईल?”

“येईल,” मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले. “कसं, ते तू शोध. मी जरा झोपतो.”