सोळा पावलं सरकलेली दलदल

"आमच्या मागच्या आवारात दलदल सोळा पावलं पुढे आलीय," सूनबाई म्हणाली. "दीड महिन्यात. आक्का, दलदल अशी चालते का हो?"

आक्कांनी खासगी तपासात पंधरा वर्षं घालवली होती, पण दलदलीची तक्रार पहिलीच. कामातले त्यांचे जोडीदार म्हणजे वकीलसाहेब. यांची वकिली कधी चालली नाही आणि तोंड कधी थांबलं नाही.

"पाऊस झाला असेल," ते म्हणाले.

"एक थेंब नाही."

भानगड अशी होती. नवरा गेल्यापासून घरात सूनबाई आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे जिना चढणं म्हणजे दिव्य. त्यांच्यासाठी तळमजल्यावर खोली काढायची होती, आणि तेवढ्यासाठी सूनबाई दूरच्या गावची बढती नाकारणार होती. दलदलीच्या हद्दीपासून वीस पावलांच्या आत बांधकामाला परवानगी नाही. पहिल्या पाहणीत ही हद्द घरापासून अठ्ठावीस पावलांवर होती, पक्क्या नकाशात बारावर आली. खोली नामंजूर झाली. हरकतीची मुदत उद्या संपत होती.

मागच्या आवारात हद्दीच्या लाल झेंड्या होत्या आणि दोन्ही वेळा पाहणी केलेला मोजणीदार तोंड वाकडं करून उभा होता.

"लव्हाळा उगवतो तिथे दलदल. मी नियमानं काम केलंय."

"माती काढून बघितली?"

"पहिल्या वेळी बघितली. दुसऱ्यांदा... लव्हाळा समोर दिसत होता की."

"आता बघा."

त्यानं हातभर खोल माती काढली. तपकिरी, भुसभुशीत. मोजणीदार ओशाळला. "पाणी मुरून माती राखाडी व्हायला वर्षं लागतात. ही तर कोरडी जमीन आहे."

आक्का लव्हाळ्यापाशी वाकल्या. प्रत्येक गड्ड्याभोवती थापून गुळगुळीत केलेलं मातीचं गोल आळं होतं. शेजारच्या ओल्या मातीत चार भोकं, अगदी चौकोनात.

"खेकडे," वकीलसाहेब ठामपणे म्हणाले.

"भलतेच शिस्तीचे दिसतात."

शेजारचे टेलर कुंपणाशी आले. "खोली झाली तर माझ्या मशीनवरचा उजेड जाईल. म्हणून विरोध केला, पण अर्जावर सही ठोकून."

"बागकाम करता?"

"अहो, मी निवडुंगसुद्धा मारून दाखवलाय."

सासरे दाराजवळ ठेंगण्या स्टुलावर बसून गुलाबांची माती सैल करत होते.

"हात सराईत आहे, बाबा," आक्का म्हणाल्या.

"चाळीस वर्षं माळीकाम केलं. खोली नाही तर नाही, मी लेकीकडे जाईन."

आक्कांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं.

"लव्हाळा कुणीतरी आणून लावलाय. खऱ्या दलदलीत आळं कशाला हवं? कोरड्या जमिनीत रोज पाणी घालणाऱ्यालाच ते लागतं. पण लपूनछपून लावतानाही ते थापून गुळगुळीत करणार कोण? ज्याच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे तोच. टेलरांकडून निवडुंग जगत नाही. मोजणीदारांनी आळशीपणा केला, पण स्वतःचीच पहिली पाहणी खोटी पाडून त्यांना काय मिळणार? आणि वकीलसाहेब, ती भोकं स्टुलाच्या पायांची. ज्याचे गुडघे वाकत नाहीत, तो माणूस बसूनच लावतो."

सूनबाईचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही?"

"बढतीचं पत्र वाचलं मी. खोली झाली असती तर तू इथून हललीच नसतीस. माझ्या गुडघ्यांपायी तू का अडकायचं?"

"मग मला सांगायचं होतंत ना!"

"खोली हवी का, हे तू तरी कुठे विचारलंस?"

सूनबाईला खूप राग आला होता. ती मोजणीदाराकडे वळली. "नकाशा दुरुस्त करून उद्या द्या. जे खरं आहे ते खरंच राहू दे." मग सासऱ्यांसमोर खाली बसली. "आता विचारते. खोली बांधायची का?"

म्हाताऱ्यानं हाताची माती झटकली.

"नको. तुझ्या नव्या गावी तळमजल्यावरचं घर मिळतं का बघ. चालत असेल तर मी येतो तुझ्याबरोबर. लेकीकडे मला मुळीच जायचं नव्हतं."

वकीलसाहेबांनी खिशातलं पेन पुढे केलं. सूनबाईनं डोळे पुसले आणि कागद पुढे ओढला.

"गुलाबांना आवार केवढं लागेल, बाबा?"