बाकावरची रुख्मा

बन्सीलाल महाले जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा पुण्याहून फोन आला. प्रकाशक नितीन सरदेशमुख यांना त्यांची अपुरी कादंबरी छापायची होती. बन्सीलालांच्या मुलीला, वर्षाला, आनंद झाला. भेस्तानच्या कापडाच्या लूमवर आयुष्य घालवून बापानं दोन कथासंग्रह लिहिले होते. सुरतेत त्यांची दखल कोणी घेतली नव्हती.

नवागामच्या घरात भर दुपारी ती हस्तलिखित घेऊन बसली. शेजारच्या बायका साड्यांना खडे चिकटवत होत्या. त्या डिंकाचा वास खिडकीतून येत होता.

शेवटच्या प्रकरणात खानदेशातलं एक जोडपं सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरतं. सोबत बायकोची बहीण, वयात आलेली, पण समज लहान पोरीची. भाड्याच्या खोलीत तिला जागा नाही. बायको तिला बाकावर बसवते, पाणी आणते म्हणून सांगते आणि ट्रंक घेऊन पुढे निघालेल्या नवऱ्यामागून स्टेशनाबाहेर पडते. दोघंही मागे वळून बघत नाहीत. त्यानंतर अर्धंच वाक्य होतं : ‘रुख्मा बसून राहिली आणि’.

किती सुंदर लिहिलंय, हे वर्षाच्या मनात आधी आलं. मग आठवलं, तिच्या मावशीचं नाव रुख्मा होतं. ‘ती लहानपणीच गेली’ एवढंच घरात सांगत. आपल्याला आधी काय वाटलं, याची तिला लाज वाटली.

तिची आई उषाबाई मेथी निवडत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. वर्षानं ते पान वाचून दाखवलं.

“आई, हे खरं आहे?”

उषाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. बराच वेळ नुसता पदरच हलत होता.

“छापू नको, बेटा.”

“लोक काय म्हणतील म्हणून?”

“लोकेस्नं काय! तिले कळी जाई.”

“कोणाला?”

उषाबाईंनी मेथीची जुडी पुढे ओढली.

नितीनसरांनी शेवट वर्षालाच लिहायला सांगितलं. तिनं लिहिला. चलथाणच्या कारखान्याकडे निघालेली एक ऊसतोड करणारी बाई रुख्माचा हात धरते आणि तिला आपल्यासोबत नेते. लिहून झाल्यावर वर्षाला हलकं वाटलं. आईवडिलांचं काहीतरी आपण निस्तरलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला, तर बाईनं हात पुढे केलेला होता. त्यापुढे एकच वाक्य : ‘रुख्मानं नकारार्थी मान हलवली.’

फाइल नीट सेव्ह झाली नसेल, असं म्हणून तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी एक म्हातारा हमाल आला. जेवून परत येऊन पाहिलं, तर हमालाचा हात तसाच पुढे. ‘रुख्मानं नकारार्थी मान हलवली.’

तेवढ्यात पोळ्या झाकून ठेवता ठेवता उषाबाई म्हणाल्या, “ती कोनासंगे जावाव नही.”

वर्षानं त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

“का जाणार नाही?”

“मीच सांगेल व्हतं तिले. मी येस तोवर कोनासंगे जाऊ नको म्हनीसन.”

वर्षानं ते ऐकलं आणि तरीही ऊसतोडवाल्या बाईचा शेवट तिसऱ्यांदा लिहिला. ओळ न् ओळ तपासली आणि तो शेवट लगेच पुण्याला पाठवून दिला. बापाचं नाव व्हावं म्हणून, असं तिनं स्वतःला समजावलं. संध्याकाळभर आईच्या नजरेला नजर मात्र देता आली नाही.

आठवड्याभरानं फोन आला. ती घराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बोलू लागली. आत कुकरची शिट्टी वाजत होती.

“शेवट छान जमलाय,” नितीनसर म्हणाले. “ती अहिराणी तर फारच. पण तिथं स्वतःचं नाव का घातलंत?”

“कुठे?”

“शेवटच्या पानावर.”

“सर, माझ्या शेवटात अहिराणी नाहीच.”

ते हसले. कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी अडखळत वाचलं,

“वर्षा, तुन्ही माय पानी लेवाले गयी व्हती. तुले भेटनी का?”

ते सगळं घडलं तेव्हा वर्षाचा जन्मही झाला नव्हता.

आत कुकर गप्प झाला. उषाबाई दारात आल्या, वाकून चपला शोधू लागल्या आणि कोणीतरी फार वेळ हाका मारत असावं आणि आलेच म्हणून सांगावं तशा, ओशाळ्या आवाजात म्हणाल्या,

“ऊनू वं बहीन, ऊनू.”