दुसरी चप्पल

दिवा जरा जवळ घ्या, आणि माझ्या डावीकडे बसू नका. तिथे जागा नाही.

ताईचं सामान आणायला मी भर दुपारी नाट्यगृहात गेलो होतो. तिच्या जागी नवी नटी आली होती, तिला रंगपटातला ताईचा आरसा रिकामा हवा होता. एवढंच काम.

सिनेमात ताईचं नाव झालं, रस्तोरस्ती पोस्टरं लागली, तरी ती नाटक सोडेना. म्हणायची, "सिनेमाला माझं नुसतं तोंड लागतं रे. पाय इथेच लागतात." रंगमंचावर ती अनवाणीच जायची. डाव्या विंगेत चपला काढायची. मी त्या उचलून मागच्या पडद्याआडून उजव्या विंगेत पळायचो आणि बाहेर तोंड करून मांडून ठेवायचो. प्रवेश संपला की ती यायची. "ठोंब्या, भिंत हो!" म्हणत माझ्या डाव्या खांद्यावर हात टेकायची आणि एकेक चप्पल पायात सरकवायची. आई-वडील कधीच गेलेले. मला तीच होती.

शेवटच्या प्रयोगात ती मंचावरच कोसळली, तिथेच गेली. विंगेपर्यंत आलीच नाही. त्या धावपळीत चपला कुणाच्या तरी पायानं उडाल्या.

"एकच सापडली बघ," मॅनेजरकाका म्हणाले. "घेऊन जा, बाळा. तालीम चालू आहे, आवाज करू नकोस."

मी सामान घेऊन उजव्या विंगेतून निघालो, तेवढ्यात नवी नटी ताईचं शेवटचं वाक्य बोलली. त्या वाक्याला माझे हात आपोआप चालतात. मी वाकलो आणि ती एकटी चप्पल मांडली. बाहेर तोंड करून.

नवी नटी दुसऱ्या बाजूनं गेली. तिच्या सँडलची टकटक लांब गेली. दिवे मालवले. मग काळोखात वास आला... ताईच्या पावडरीचा, घामानं ओला झालेला. आणि फळ्यांवर अनवाणी पावलं. सावकाश.

"ताई...?"

चपलेचा पट्टा करकरला. माझ्या खांद्यावर हात टेकला.

"भिंत हो..."

झालो. ती एका पायावर थांबून राहिली. दुसरी चप्पल माझ्याकडे नव्हती. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. शेवटी खालची चप्पल उचलून मी घरी आलो. हात खांद्यावरच होता.

परवा काकांनी दुसरीही आणून दिली. नेपथ्यातल्या रंगवलेल्या खिडकीमागे पडली होती म्हणे. ती मी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. पायात घातली की ताई जाईल ना? मग मला कोण आहे?

पण हात आधी नुसता टेकलेला होता. आता बोटं रुततात. काल शर्ट काढला, तर पाच वळ.

आज सकाळी मी हरलो. दोन्ही चपला दाराशी मांडल्या, बाहेर तोंड करून. म्हटलं, "जा ताई. घाल आणि जा." रडू आवरेना म्हणून आत जाऊन तोंड धुऊन आलो.

चपला दाराशीच होत्या. दोन्हींची तोंडं घराकडे वळलेली.