मिक्सर बंद करू नका

"परत गीझर! भर दुपारी कुणाला लागतंय गरम पाणी, देव जाणे," कस्तुरी मिक्सरच्या भांड्याकडे बघत पुटपुटली. मिक्सर जोरात घरघरत होता, तरी शेजारच्या देवघरात वाती वळत बसलेल्या तिच्या सासूबाईंना, कुसुमताईंना, सगळं नीट ऐकू आलं. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं घासलेला कान होता तो. गोंगाटातून माणसाचं बोलणं निवडून काढायचाच तर पगार मिळायचा त्यांना.

तेवढ्यात भिंतीतून पुन्हा तोच मंजुळ आवाज आला, "कुसुमताई, आपण गीझर चालू केला आहे."

कुसुमताईंनी हातातल्या वातीकडे पाहिलं. आपण इथंच बसलोय. पण कधीपासून? मध्ये उठलो होतो का? पावलं ओलसर लागत होती. की फरशीच गार होती?

सोलापुरातल्या या घरात 'कारभारीण', म्हणजे भिंतीतून बोलणारी ही यंत्रणा, येऊन आठ महिने झाले होते. भिंती फोडायला नकोत, नवीन तारा ओढायला नकोत, म्हणून त्यांच्या मुलाने, सिद्धारामने, हीच पद्धत घेतली. ज्या तारांतून वीज येते त्याच तारांतून बटणं, दिवे, शेगडी, दार एकमेकांना बारीकसे निरोप धाडत. कंपनीने या प्रकाराला 'तारबोली' असं लाडाचं नाव ठेवलं होतं. सगळे निरोप ऐकायचे आणि कोणत्या खोलीतून कुणी काय केलं ते टिपून ठेवायचं, हे कारभारणीचं काम. एवढं चोख काम घरात दुसरं कुणी करत नव्हतं.

गेल्या महिन्यात कुसुमताईंच्या नावावर एकोणीस नोंदी झाल्या होत्या. शेगडी रिकामी तापत ठेवली. दार उघडं टाकलं. पंखा, दिवा, गीझर, पुन्हा गीझर. त्या नोंदींचा कागद सिद्धारामच्या कपाटात, विस्मरण झालेल्या वृद्धांसाठीच्या पुण्यातल्या एका स्मृतिनिवासाच्या अर्जाला टाचून ठेवलेला होता. खोली घ्यायची की नाही हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. कुसुमताईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. चादर शोधताना त्यांच्याच हाताला लागला तो कागद. तेव्हापासून त्याही घरातल्या इतरांसारख्याच उन्हाबद्दल आणि भाजीबद्दल बोलत होत्या.

आज शनिवार होता. कुसुमताईंनी आपणहून कंपनीच्या शिवलीला बिराजदारला फोन केला. शिवलीला याआधी दोनदा येऊन "तारा स्वच्छ आहेत" असं सांगून गेली होती. बेल वाजली तशी कस्तुरीने लगबगीने मिक्सर बंद केला, पदराला हात पुसले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

शिवलीलाने ताटाएवढा पडदा प्लगला जोडला. पडद्यावर विजेची लाट नदीसारखी संथ वाहत होती. "बघा की, आजी. एक ओरखडा नाही."

कुसुमताई लाटेकडे बघत राहिल्या. काहीतरी सुटत होतं. त्या पडद्याकडे बघत, मग कस्तुरीकडे, पुन्हा पडद्याकडे. मग एकदम म्हणाल्या, "कस्तुरी, ही आली की तू मिक्सर का बंद करतेस?"

"अहो आई, घरात माणूस आल्यावर घरघर लावून ठेवू? बोलणं कसं ऐकू यायचं?"

"मागच्या दोन्ही वेळी बंद केलास?"

"केला की."

"अगं, कुणी बोलत नसताना लाईन तपासली तर ती स्वच्छच असणार! लाव तो मिक्सर."

कस्तुरीने शेंगदाण्याची चटणी पुन्हा फिरवायला घेतली. ती दुकानांत द्यायची असल्याने मिक्सर रोज अकरा ते दोन फिरायचाच. पडद्यावरची नदी क्षणात काटेरी झाली. लाटेवर निवडुंगासारखे काटेच काटे.

"अरे देवा," शिवलीला म्हणाली. "वहिनी, कार्बन झिजलेत याचे. आत ठिणग्या उडतायत. तारबोलीला यातला एखादा काटा निरोपासारखा वाटतो."

"पण नाव माझंच का घेते ती?" कुसुमताईंनी विचारलं.

शिवलीलाने यादी चाळली. "निरोपात खोलीचा नंबर कळला नाही, की ती पहिल्या खोलीच्या नावावर टाकते. एक नंबर तुमच्या खोलीला कुणी दिला?"

आतल्या खोलीतून बाहेर आलेला सिद्धाराम दारातच थबकला. "मी. आई मोठी. पहिला नंबर तिला नको का द्यायला?"

कस्तुरी एवढी हसली, की तिला मिक्सर बंद करावा लागला. "मान दिला म्हणे! महिनाभर आईंच्या माथी माझा मिक्सर मारला तुम्ही!"

शिवलीलाने मिक्सरच्या प्लगमागे मुठीएवढी डबी बसवली. ही तारेवरच्या खरखरीची गाळणी, चहाच्या गाळणीसारखीच, असं ती म्हणाली. मिक्सर पुन्हा लावला, तर नदी संथच राहिली. सिद्धारामने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. किती दिवसांनी तो आईच्या डोळ्यांत बघत होता. "म्हणजे आईला काही झालेलंच नाही. सगळ्या नोंदी खोट्या."

"सगळ्या..." शिवलीला अडखळली. ती अजून यादीवर बोट फिरवत होती.

"बोल की गं," कुसुमताई म्हणाल्या.

"आजी, माणसाने बटण दाबलं की निरोप दोनदा जातो. खरखरीतून झालेला एकदाच. लाईन खराब असेल तर एकदा ऐकलेलंही ग्राह्य धरायचं, असं कंपनीने ठरवलंय. एकोणिसांतल्या सोळा एकेरी आहेत, सगळ्या मिक्सरच्या वेळेतल्या." तिचा आवाज बारीक झाला. "तीन दुहेरी आहेत. संध्याकाळच्या."

"कोणत्या?"

"दोनदा शेगडी. एकदा दार."

"तीही खरखरच असेल," सिद्धाराम घाईने म्हणाला. "शेजारचं काहीतरी."

"नाहीतर मीच लावली असेल शेगडी," कस्तुरी म्हणाली. "चटणीच्या नादात. दारसुद्धा मीच..."

"संध्याकाळी तू चटणी द्यायला बाजारात असतेस, आणि सिद्धू कामावर," कुसुमताई म्हणाल्या.

शिवलीला उगाच वायर गुंडाळायला लागली. कुसुमताईंनी ते तीन दिवस आठवून पाहिले. शेगडी आठवेना, दार आठवेना. त्या संध्याकाळी काय जेवलो तेही नाही. आजवर गोंधळात सोळा खोट्या नोंदी होत्या, म्हणून या तीन खऱ्या नोंदींना लपायला जागा होती. आपल्यालाही होती.

"मला आठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच त्या माझ्या."

"आई, राहू दे ना आता."

"नको राहू दे. मी विसरायला लागलेय, सिद्धू. तुला माहीत आहे, कस्तुरीला माहीत आहे, तुझ्या कपाटातल्या अर्जालाही माहीत आहे. सोमवारी काय कळवायचं, ते मला समोर बसवून ठरवणार, की मी गेल्यासारखं माझ्यामागे?"