क्रिसांतोचा पाय

बसा. पण पाय वर घेऊन बसा, म्हणजे मला बरं वाटेल.

एलिसेओ बार्रिएंतोस कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर होता. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, त्याने कैदी धरले. दर गुरुवारी आपल्या तुरुंगात जायचं, प्रार्थना, भजनं, साबणाच्या वड्या वाटायच्या. माणूस वाईट नाही, फक्त स्वच्छ फार. दाराची कडीसुद्धा रुमालाने उघडायचा.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी तिथे पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शिष्यांचे धुतले तसे बारा कैद्यांचे धुवायचे, पुसायचे आणि प्रत्येक पावलाचं चुंबन घ्यायचं. एलिसेओ हवालदाराला सांगून सकाळीच ते बाराजण घासून घ्यायचा, नखं कापून. मग धुतलेले पाय धुवायचे आणि ओठ बोटभर वर ठेवायचे. ग्वातेमाला शहरातल्या मासिकात फोटो छापून येई, त्यात अंतर दिसत नसे.

गेल्या वर्षी तो घरचं पांढरं इनॅमलचं घमेलं घेऊन गेला, तेव्हा बराकीच्या दाराशी क्रिसांतो बसला होता. साखरेच्या आजाराने डावा पाय सडलेला. दोन बोटं गळून गेलेली, तीन उरलेली. पट्टी पिवळी, आणि माश्या तिच्यावर मुक्कामाला आल्यासारख्या.

"भाऊ, औंदा माझा पाय घ्या."

"जखमेला पाणी लागेल रे."

"जखमेचं मी बघतो. तुरुंगात आल्यापासून माझ्या अंगाला कुणी हात लावलेला नाही, भाऊ. डॉक्टरपण काठीनं दाखवतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए कुजक्या, भाऊंना ओकायला लावतोस काय!"

बराक हसली. एलिसेओही हसला, नाकावर रुमाल धरून. म्हणाला, "पुढच्या वर्षी. सगळ्यात आधी तुझा. येशूची शपथ."

क्रिसांतो पावसाळ्यातच मेला. एलिसेओने चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा सांगितली आणि सुटल्यासारखा झाला.

यंदाचा पवित्र गुरुवार आला. विधी झाला, फोटो झाले. घरी येऊन त्याने घमेलं स्वयंपाकघरात पालथं घातलं.

"त्यात मी तामालचं मक्याचं पीठ मळायची नाही," त्याची बायको ओफेलियाबाई म्हणाल्या.

"अगं, तुझ्या पायांपेक्षा स्वच्छ होते ते."

"मग माझे कधी धुताय?"

हसून दोघं झोपली.

रात्री साडेबाराला त्याला वासाने जाग आली. आधी वाटलं, सणाचे मधाचे पाव आंबले. मग वाटलं, उंदीर मेला. मग वाटायचं थांबलं. हा वास त्याच्या ओळखीचा होता.

त्याने स्वयंपाकघरात दिवा लावला.

घमेलं सरळ होतं. काठोकाठ भरलेलं. पाण्यावर पिवळी साय.

समोर वेताची खुर्ची. तिच्यावर कुणी नव्हतं. पण वेत... दबलेला.

"क्रिसांतो?"

...

पाणी हललं. तळाला काहीतरी टेकलं.

पळावंसं वाटलं, पण गुडघेच वाकले. इतक्या वर्षांची सवय. बायकोचे भांडी घासायचे रबरी मोजे शेजारीच होते, ते मात्र त्याने आठवणीने चढवले. डोळे मिटले. हात पाण्यात घातले.

गार. मऊ. बोटं आत रुतली. काहीतरी साल सुटावी तसं हातात आलं.

एक बोट. दुसरं. तिसरं...

पुढे काही नाही.

त्याने धुतला. पुसला. टॉवेल जड झाला.

समोरचं उठेना.

वेत कुरकुरला. वाट बघत असल्यासारखा...

काय राहिलंय ते एलिसेओला कळलं. त्याने मान खाली नेली. आणखी खाली.

बोटभरावर थांबली.

...

तो ओकला. तिथेच, गुडघ्यांवर. आणि पळाला.

सकाळी घमेलं पालथं होतं, कोरडं. टॉवेलची घडी घातलेली. फक्त खुर्चीसमोर फरशीवर पावलाचा ओला ठसा होता. डावा. तीन बोटांचा.

मी स्वतः पाहिलाय. बाहेर एप्रिलचं ऊन, दारं उघडी, वर पंखा. ओफेलियाबाईंनी राख टाकली, चुना टाकला, रॉकेलने घासलं. एलिसेओ आता रोज रात्री रुमाल बाहेर ठेवून स्वयंपाकघरात जातो, ठशासमोर गुडघे टेकतो, मान खाली नेतो. बाई दाराआडून बघतात.

"आज?" मी काल विचारलं.

"बोटभर राहिलं," बाई म्हणाल्या.

मी वाकून फरशीला हात लावला. ओलीच होती.