हिरव्या दिव्याचा हेडसेट

“ओ मॅडम, रुकिए!”

ही हाक मला नीट ऐकू आली होती. पण तोवर आयुष्यात कुणी मला मॅडम म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे ती दुसऱ्याच कुणासाठी असणार असं समजून मी चालत राहिले. पुढच्या क्षणी कुणीतरी माझी बाही धरून मला मागे खेचलं आणि नाकासमोरून विमान ओढायचा ट्रॅक्टर गेला. एवढा मोठा ट्रॅक्टर... आणि आवाज मुळीच नाही!

मी कानांवरचा हेडसेट काढला. घरघर धाडकन आदळली.

“आप ठीक हैं?” बाही सोडत त्यानं विचारलं. मग तोंड वळवून, स्वतःशी, चक्क मराठीत – “काय बावळट मुलगी आहे!”

“बावळट कुणाला म्हणालात?”

पानिपतच्याही पुढे, शेतांमधल्या आमच्या त्या फ्लाइंग क्लबवर मराठी कुणाला कळेल असं त्या बिचाऱ्याला वाटलं नसावं. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मला ते आवडलं, हे आत्ताच सांगून टाकते.

त्याचं नाव यतीन. क्लबच्या विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर, घर दिल्लीत, मयूर विहारला. मी समता, दिल्लीच्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली, पायलट व्हायला निघालेली. हेडसेट बाबांनी वाढदिवसाला दिला होता. बटण दाबलं की छोटा हिरवा दिवा लागायचा आणि जगातली घरघर नाहीशी व्हायची.

“जाते कुठे ती?” मी विचारलं.

“आत छोटे माइक असतात. ते घरघर ऐकतात आणि बरोब्बर तिच्या उलटा आवाज तयार करून कानात सोडतात. दोघं भेटतात आणि... संपतात.”

“भेटतात आणि संपतात? किती सॅड यार!”

“फिजिक्स आहे, मॅडम. प्रेमकथा नाही.”

“तुम्ही कधी घालून पाहिलाय?”

“नाही. आम्हाला हे बास.” त्यानं गळ्यातले कान झाकायचे पिवळे जाड मफ दाखवले. “हे लावले की शेजारी ढोल वाजवा, कळत नाही. तुमचंही तेच असणार.”

साफ चूक! घरघर गेली तरी माणसाचा आवाज पोचत होता. त्याचीच हाक मी ऐकली होती ना. पण बावळट म्हटल्याचा राग अजून उतरला नव्हता, म्हणून मी त्याला दुरुस्त केलं नाही.

त्याच आठवड्यात मी तो हेडसेट घालून पहिल्यांदा उडाले. शेजारी आमचे प्रशिक्षक कॅप्टन नरसिंह. समोर पंखा गरगरतोय, सीट थरथरतेय, आणि कानात मात्र... पहाटेच्या घरासारखी शांतता. खाली जुलैतली हिरवी भातशेतं, लांब यमुनेचा रुंद पट्टा, आणि त्या सगळ्यावरून आम्ही न बोलता सरकत चाललेलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं मोठं काहीतरी इतक्या शांतपणे आपल्याला उचलून धरू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

उतरल्यावर यतीनला सांगितलं तर तो हसला नाही.

“एक ऐकशील? इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं बटण बंद ठेव. त्याला काही दुखत असलं तर ते आधी आवाजातून सांगतं. तू त्याचं तोंडच बंद करतेस.”

अहोजाहो कधी गेलं, ते दोघांनाही कळलं नाही. रोज दोन मिनिटं मी बटण बंद ठेवू लागले. आधी नुसता गोंगाट ऐकू यायचा. हळूहळू त्यात लय सापडली. सप्टेंबरात एका सकाळी ती लय कुठेतरी अडखळली... अगदी पुसटशी. मी इंजिन बंद करून यतीनला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, तासभर खटपट केली आणि काजळी धरलेला एक स्पार्क प्लग माझ्या तळहातावर ठेवला.

“हे तू नुसतं कानानं पकडलंस?”

त्याच्या नजरेत त्या दिवशी जे होतं ते मी झोपेपर्यंत आठवत राहिले. पण तोंडानं काही बोलेल तर शपथ!

ऑक्टोबरात बातमी आली. यतीनला नागपूरला मोठ्या विमानांच्या दुरुस्तीची नोकरी मिळाली होती. एक तारखेला तो जाणार. हातात पंधरा दिवस, आणि हा माणूस तेल, प्लग आणि टायर सोडून दुसरं काही बोलेना. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. न ऐकताच तो गेला तर त्याच्या मनात काय होतं, हे विचारत मी जन्मभर बसणार, एवढं मला कळत होतं.

आणि मग ती दुपार आली. हँगरच्या दारात एका विमानाचं इंजिन तपासणीसाठी चालू होतं. कान फुटायची वेळ, म्हणून मी हिरवा दिवा लावून अवजारांच्या पेटीवर वाचत बसले होते. यतीन शेजारी येऊन उभा राहिला. मफ गळ्यात, नजर विमानाकडे. आणि तो बोलू लागला – त्या गोंगाटात, घसा ताणून, कुणीच ऐकत नाही अशा खात्रीनं.

“समता, तू वर असतेस ना, तेव्हा माझं कशातच लक्ष लागत नाही. तू उतरलीस की मगच मला श्वास घेतल्यासारखं वाटतं. मला तू फार आवडतेस. समोर बसून सांगायची हिंमत नाही, म्हणून...”

घरघर गेलेली, आणि त्याचा आवाज थेट माझ्यापाशी! मी पान उलटलं नाही, मान वर केली नाही. तो निघून गेला आणि मी तशीच बसून राहिले. ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, पण चोरून. ते त्याला परत कसं द्यायचं?

चार दिवसांनी कॅप्टन नरसिंहांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावून सीटचा पट्टा सोडला आणि ते खाली उतरले.

“अकेले एक चक्कर लगा के आओ.”

शेजारची सीट रिकामी. विमान हलकं होऊन लवकरच वर झेपावलं. त्या एवढ्या मोठ्या आभाळात मी एकटी होते, आणि भीतीच्या जागी मला हात जोडावेसे वाटत होते. उतरल्यावर पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माझ्यावर बादल्या ओतल्या. हेडसेट मी आधीच कॅप्टनकडे सोपवला होता.

यतीन सगळ्यांच्या मागे रिकामी बादली घेऊन उभा होता. पलीकडे दुसऱ्या विमानाचं इंजिन धडाडत होतं. मी कॅप्टनकडून हेडसेट घेतला, निथळत त्याच्यापर्यंत गेले, तो त्याच्या कानांवर चढवला आणि बटण दाबलं.

घरघर गेली ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं... देवळात पहिल्यांदा आलेल्या मुलासारखा तो उभा राहिला.

“यतीन,” मी हातभर अंतरावरून म्हटलं, “मलाही तू फार आवडतोस.”

आधी तो हसला. मग त्याला हिशोब लागला.

“मला... ऐकू येतंय. म्हणजे त्या दिवशी – तुला?”

“सगळं. थिअरी शंभर टक्के, अनुभव शून्य, इंजिनिअरसाहेब!”

त्यानं हेडसेट काढून डोळे घट्ट मिटले. मला वाटलं, पळतोय आता. पण त्यानं डोळे उघडले, आणि कॅप्टन, मेकॅनिक, सगळी पोरं बघत असताना, उघड्या कानांनी, इंजिनाच्या वर आवाज चढवून ते सगळं पुन्हा म्हणाला. एकही शब्द न गाळता.

“मी नागपूरला नाही जात,” शेवटी तो म्हणाला.

“जायचंस. तुला मोठी विमानं हवी होती. मलाही अजून लायसन्ससाठी उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करायचेत.”

“मग आपण?”

“हवा चांगली असेल तोवर मी उडणार. धुकं पडलं की तू यायचंस.”

धुकं डिसेंबरच्या अखेरीस पडलं. उड्डाणं बंद झाली, क्लबची पोरं हवामानाच्या नावानं बोटं मोडत होस्टेलात लोळत राहिली, आणि मी एकटीच खुशीत दिल्लीला आले. त्याच धुक्यानं यतीनची गाडी नऊ तास उशिरा आणली. सकाळी नवी दिल्लीच्या फलाटावर सगळं पांढरं होतं. पाच हातांवरचा माणूस दिसत नव्हता. गाडी थांबली. लोक उतरले, सावल्या होऊन गेले... आणि त्या पांढऱ्यातून कुठूनतरी आवाज आला, “समता!”

“इथे आहे!” मी जीव खाऊन ओरडले आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागले.