शेवटच्या गाडीचं वंगण

१९४९ च्या चैत्रात माझी बदली ठाण्याहून कल्याणच्या शाळेत झाली. सामान म्हणजे पुस्तकांच्या दोन जड पेट्या. आगगाडीच्या हमालांवर त्या सोपवायला मन होईना, म्हणून माजिवड्याच्या काळुरामच्या मिठाच्या गाड्यांबरोबर निघालो.

पाच बैलगाड्या उजाडताच हलल्या. काळुराम सर्वांत पुढे, मी त्याच्या शेजारी. शेवटच्या गाडीवर त्याचा धाकटा भाऊ गोविंदा. कळव्याचा पूल गेला, मुंब्र्याचा डोंगर गेला, मग उन्हात तडकलेली भातखाचरं सुरू झाली. मैलच्या मैल माणूस दिसत नव्हता. गोणींतून ओल्या मिठाचा वास येई आणि मागून गोविंदाचं गाणं. इतका संथ, सुखाचा दिवस मला पुन्हा मिळाला नाही.

त्रास एकच होता. गोविंदाच्या गाडीचं चाक सारखं कुरकुरत होतं.

"त्याला वंगण का घालत नाही?" मी विचारलं.

काळुराम हसला. "मास्तर, पुढचे गाडीवाल्यानी मागं बघाचा नसतं. चाक कुरकुरला का कलतं, मागचा येतंय. शेवटचे गाडीला आमी तेल देत नाय."

मी विज्ञान शिकवत असे. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटला.

दुपारी शिळच्या तळ्याशी चिंचेखाली गाड्या सोडल्या. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. गोविंदाने आपल्या वाटणीची चटणी मला दिली.

"आता माझे गाडीवर बसा, मास्तर. तुमचे ताऱ्यांच्या गोष्टी सांगा."

"बसतो की," मी म्हणालो.

सगळे आडवे झाल्यावर मी गोविंदाच्या गाडीखाली टांगलेलं, सगळ्या गाड्यांसाठीचं वंगणाचं नळकांडं काढलं. दोन्ही चाकांना पोटभर तेल पाजलं.

निघताना मात्र आळस आला. गोविंदाची गाडी झाडापलीकडे होती आणि काळुरामच्या गाडीवर बांबूच्या तट्ट्याची सावली होती. पुढे काटई गावी गाडी बदलू, असं मनाशी म्हटलं. गाड्या हलल्या. मागून कुरकुर सुरू झाली आणि काळुराम निश्चिंत झाला.

मी चमकलो. तेल कमी पडलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

काटई गेलं. मानपाडा गेला. कुरकुर येतच होती. गाणं मात्र नव्हतं.

मागे वळून बघायला मला कुणाची बंदी नव्हती. मी बघितलं नाही.

कल्याणच्या पत्रीपुलाशी आवाज थांबला. काळुराम उतरला.

गाड्या चार होत्या.

एक गाडी रिकामी करून आम्ही माघारी गेलो. गोविंदाची गाडी चिंचेखालीच होती. बैल बांधलेले, शांतपणे रवंथ करणारे. उशाला घेतलेला रुमाल तसाच. माझं तेल ठिबकून जिथे मातीत मुरलं होतं, तिथून चाक तसूभरही हललं नव्हतं. गावाने तळं धुंडाळलं, विहिरी पाहिल्या. गोविंदा मिळाला नाही.

महिन्याभराने काळुराम शाळेत आला.

"मास्तर, चाकाला तेल तुमी घातला?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग त्यानीच घातला. आपला नेम त्यानीच मोडला."

त्यानंतर त्याने भावाचं नाव कधी घेतलं नाही. माझ्या त्या खोट्याची मला आजही लाज वाटते.

याला आठ वर्षं झाली. काळुराम अजून मीठ आणतो. गाड्या चारच, आणि चारही मुकाट.

परवा दुपारी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. चारही गाड्या समोरून गेल्या. काळुरामने रामराम केला. मागे बघितलं नाही.

मग कुरकुर आली.

रस्ता रिकामा होता.

आवाज सावकाश जवळ आला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. ओल्या मिठाचा वास सुटला.

मी त्याला बसतो म्हणालो होतो.